सीडीप्लेअर डॉट आयएनआय

दिवाळीला परभणीला गेलो होतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी डोळे चोळत घरी, चहा, फराळ, पुन्हा चहा. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं सामान खाली काढायचं ठरलं (दर दिवाळीला ठरतं, या वेळी झालं). त्यात काकांचा जुना संगणक निघाला. असेंबल केलेला, पिवळा पडलेला कॅबिनेट, विंडोज ९८. आणि सोबत प्लास्टिकच्या दांडीवर ओवलेल्या चाळीसेक कोऱ्या सीडी. म्हणजे दिसायला कोऱ्या. एकीवरही काही लिहिलेलं नाही.

"काका, यात काय आहे?"

"गाणे हायेत. आईच्या ओव्या बी त्यातच हायेत कुठंतरी."

आई म्हणजे माझी आजी. ती गेली २००९ साली, मी तेव्हा सहावीत होतो. तिच्या आवाजाचं घरात काहीच नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आणि हे गृहस्थ शांतपणे चकली खात सांगतायत, कुठंतरी हायेत!

"मग सीडीवर नाव का नाही लिहिलं?"

"पेनाच्या शाईनं सीडी खराब होते म्हणून वाचलं होतं तवा. सगळं काँप्युटरात लिहून ठेवलंय की."

खरंच लिहून ठेवलं होतं. हार्डडिस्क काढली, चारशे रुपयांच्या अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली, थोडी कुरकुरली पण चालू झाली. विंडोजच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल सापडली: सीडीप्लेअर डॉट आयएनआय. ज्यांनी विंडोज ९५ किंवा ९८ वापरलंय त्यांना तो करड्या रंगाचा, हिरवट आकड्यांचा सीडी प्लेअर आठवत असेल. त्यात सीडी टाकली की 'आर्टिस्ट', 'टायटल' आणि गाण्यांची नावं आपल्या हाताने टाइप करायची सोय होती. पुन्हा कधीही तीच सीडी टाकली की नावं आपोआप यायची. ती सगळी नावं या एका फाइलीत साठायची. काकांनी १३७ सीडींची नावं टाइप केली होती. एका बोटाने.

आता प्रश्न असा की सीडीवर नाव नसताना संगणकाला ती कशी ओळखू यायची? मला हे माहीत नव्हतं. इंजिनिअरिंग करून, सहा वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं. दोन दिवस त्यातच गेले, आणि आजचा लेख त्याबद्दलच.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं जे प्रमाण ठरवलं त्याला रेड बुक म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. सेकंदाचे ७५ तुकडे, त्यांना फ्रेम म्हणायचं. सीडीच्या सगळ्यात आतल्या कडेला एक अनुक्रमणिका: किती गाणी, कोणतं गाणं कितव्या मिनिटाला, सेकंदाला, फ्रेमला सुरू होतं. बस्स. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचं नाही, काहीच नाही. त्या काळातल्या सीडी प्लेअरला पडदा म्हणजे दोन-चार आकडे, नाव ठेवून करणार काय! सीडीतच नावं भरण्याची सोय, सीडी-टेक्स्ट, १९९६ साली आली. माझ्या हाती आलेल्या एकाही मराठी सीडीत ती वापरलेली दिसली नाही.

पण त्या अनुक्रमणिकेतच ओळख लपलेली असते. बारा गाणी अगदी याच याच फ्रेमला सुरू होणारी दुसरी सीडी जगात सापडणं अवघड. म्हणून विंडोज या सगळ्या वेळांवरून एक आकडा काढायचं आणि त्या आकड्याखाली काकांनी टाइप केलेली नावं ठेवायचं. सीडीचा अंगठा, असं म्हणू.

हीच युक्ती जगभर ज्याने नेली तो कार्यक्रम म्हणजे एक्सएमसीडी. टी कान नावाच्या प्रोग्रामरने १९९३ मध्ये युनिक्ससाठी तो लिहिला. सीडी वाजवायची आणि नावं साठवायची. लोक आपापल्या सीडींची नावं टाइप करायचे आणि त्या फाइली त्याला ई-मेलने पाठवायचे, तो त्या एकत्र करून सगळ्यांना द्यायचा. पुढे टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी हे सगळं इंटरनेटवर नेलं. सीडीडीबी. सीडी टाका, संगणक अंगठा काढून सर्व्हरला विचारेल, सर्व्हर नावं परत पाठवेल. कुणीतरी, कुठेतरी, आधीच टाइप केलेली.

हा अंगठा काढायची रीत इतकी साधी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा सीडीवर तीन गाणी आहेत, २ऱ्या, १८५व्या आणि ४१०व्या सेकंदाला सुरू होणारी. आकड्यांची बेरीज करा: २, मग १+८+५ म्हणजे १४, मग ४+१+० म्हणजे ५. एकूण २१. (२५५च्या वर गेलं तर २५५ने भागून बाकी घ्यायची.) मग सीडीची एकूण लांबी सेकंदात, समजा ६९८. मग गाण्यांची संख्या, ३. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवले की झाला ३२ बिटचा क्रमांक. चौथीतल्या पोराला जमेल. अर्थात यात दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच निघू शकतो, आणि निघायचाही.

आमच्या घरी इंटरनेट आलं २००३ मध्ये, तेही डायल-अप. तोवर परभणीत सॉफ्टवेअर यायचं ते मासिकासोबतच्या सीडीतून. 'चिप' मासिक (२००१ पासून त्याचंच 'डिजिट' झालं) घेतलं की सोबत सीडी, आणि सीडीत शेअरवेअरचा ढीग. काका मासिकापेक्षा सीडीसाठीच ते घ्यायचे. नांदेडहून किंवा तेव्हाच्या औरंगाबादहून कुणी येणार असलं की आणायला सांगायचे.

शेअरवेअर म्हणजे काय हे आता सबस्क्रिप्शनच्या जमान्यात सांगावं लागतं. १९८२ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमनने पीसी-टॉक आणि जिम नॉफने पीसी-फाइल असे दोन कार्यक्रम एका अजब तत्त्वावर वाटले: कॉपी करा, मित्राला द्या, वापरा, आवडलं तर पैसे पाठवा. पुढच्या वर्षी बॉब वॉलेसने आपला पीसी-राइट तसाच वाटला आणि शेअरवेअर हा शब्द त्याच्यामुळे रुळला. विनॅम्पसुद्धा आधी शेअरवेअरच होतं बरं का. जस्टिन फ्रँकेलच्या नलसॉफ्टने १९९७ मध्ये काढलं, नोंदणी दहा डॉलर. १९९९ मध्ये एओएलने कंपनी घेतली आणि नंतर ते फुकट झालं.

दहा डॉलर म्हणजे २००० साली साधारण साडेचारशे रुपये. पण खरी अडचण रुपयांची नव्हती. परभणीतल्या माणसाने अमेरिकेत दहा डॉलर पाठवायचे कसे? परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड काकांकडे नव्हतं, त्यांच्या ओळखीत कुणाकडेच नव्हतं. "पैसे द्यायची लई इच्छा होती, पण घेणाराच सापडंना," असं काका म्हणतात. (यातला इच्छेचा भाग कितपत खरा मला शंका आहे, पण असो.)

ऑडिओग्रॅबर या कार्यक्रमाचा किस्सा ते अजून रंगवून सांगतात. सीडीतली गाणी संगणकावर उतरवायचा हा शेअरवेअर, नोंदणी नसेल तर सीडीतल्या निम्म्याच गाण्यांना हात लावू द्यायचा, आणि कुठली निम्मी ते तोच ठरवायचा. मग बंद करून पुन्हा सुरू करायचं, कदाचित उरलेली मिळतील. एकेका सीडीसाठी काका पाच-सहा वेळा दाणं टाकायचे. २००४ मध्ये ऑडिओग्रॅबर फुकट झालं तेव्हा त्यांना थोडं वाईटच वाटलं म्हणे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा जर्मन कार्यक्रम तर पैशांऐवजी पोस्टकार्ड मागायचा! ते मात्र काकांनी पाठवलं. परभणीच्या पोस्टातून जर्मनीला, विद्यापीठाचं चित्र असलेलं कार्ड. पोचलं की नाही देव जाणे.

इंटरनेट आल्यावर काकांनी पहिलं काय केलं असेल तर सीडी टाकून नावं येतात का पाहिलं. हिंदी सिनेमांच्या सीडी धडाधड ओळखल्या गेल्या. मराठी एकही नाही. अमेरिकेतल्या-दुबईतल्या देसी मंडळींनी हिंदी भरून ठेवलं होतं, मराठी भावगीतं भरणारं कुणी भेटलं नव्हतं. मग काकांनी ठरवलं, आपण भरू.

तोवर सीडीडीबीचं जे झालं ते झालं होतं. १९९८ मध्ये ते एस्सिएंट कंपनीला विकलं गेलं, २००० मध्ये नाव ग्रेसनोट. लोकांनी फुकट, हौसेने टाइप केलेल्या नावांचा धंदा झाला, आणि वापरणाऱ्या कार्यक्रमांवर अटी आल्या. चिडलेल्या लोकांनी जुन्या डेटावरून फ्रीडीबी उभं केलं. रॉबर्ट केने वेगळ्या वाटेने जाऊन म्युझिकब्रेन्झ उभं केलं. ग्रेसनोट २००८ मध्ये सोनीने २६ कोटी डॉलरला घेतली. मला यात टी कानला खलनायक करायचं नाही, लाखो लोकांचे सर्व्हर फुकट चालत नाहीत. पण ज्यांनी एका बोटाने टाइप केलं त्यांना विचारायला हवं होतं, एवढं नक्की.

तर काका फ्रीडीबीत नोंद करायला बसले आणि पहिल्याच खिडकीत अडले. विभाग निवडा. विभाग अकरा: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक आणि मिसलेनिअस. बारावा काढायची सोय नाही. आता मला सांगा, गीतरामायण कशात घालणार? १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ५६ गीतं, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. क्लासिकल? रागदारीत बांधलेलं आहे, पण नाही. साउंडट्रॅक? सिनेमाच नाही. फोक? गदिमा काय म्हणतील! नाट्यसंगीताची तीच गत. शेवटी आपली अख्खी परंपरा 'मिसलेनिअस'मध्ये. इतर, किरकोळ.

एमपीथ्रीच्या टॅगची कथा याहून भारी. १९९६ मध्ये एरिक केम्पने गाण्याच्या फाइलीच्या शेपटीला १२८ बाइट जोडायची टूम काढली, आयडीथ्री. नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, आणि प्रकारासाठी ८० नावांची यादी. त्या यादीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, प्रँक्स आहे. भजन नाही. आणि ३० बाइट देवनागरीला किती पुरतात? यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक अक्षरखुणेला ३ बाइट. 'जात्यावरच्या ओव्या' लिहायला ५२ बाइट लागतात. (मोजले. विकांत होता.)

अर्थात देवनागरीचा तेव्हा प्रश्नच नव्हता. विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी येत नव्हती, मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये, आणि ते दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की आडवंतिडवं काहीतरी दिसायचं. फ्रीडीबीही सुरुवातीला युरोपीय अक्षरांपुरतंच होतं, यूटीएफ-८ त्याला नंतर आलं. म्हणून सगळं रोमनमध्ये. गीतरामायणातलं गीत एका आयने की दोन ईंनी, शेवटी ए लावायचा की नाही, एक शब्द की दोन, एवढ्यातच आठ प्रकार झाले. आणि 'आर्टिस्ट' कोण? कवी, संगीतकार की गायक? जागा एकच. काका सरळ गायकाचं नाव लिहायचे, कवीबद्दल वाईट वाटलं तर कंसात.

पण ही अडचण संगणकाने आणलेली नाही, ती फार जुनी आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायची. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना कळणार कसं कुठलं गाणं कुणाचं? आणि आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई, सातशे वर्षं झाली, कुठल्याही गावात कुणीही गायलं तरी 'जनी' येते आणि कळतं. टॅग गाण्याच्या आतच, कुणी पुसू शकत नाही.

संगणकाशिवाय सूची करणारी माणसंही काय होती! कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी 'हिंदी फ़िल्म गीत कोश' केला, एकेका दशकाचे एकेक खंड, सिनेमावार सगळी गाणी. पहिला प्रसिद्ध झालेला खंड १९८०चा. हे बँकेत नोकरी करता करता. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी जुन्या तबकड्यांच्या याद्या करत आली. काकांच्या १३७ सीडी त्यापुढे काहीच नाहीत, पण जात एकच.

ओवीला मात्र नाममुद्रा नसते. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी कुणाचीच आणि सगळ्यांची. म्हणून हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजाराच्या वर गावांतून. बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांना येऊन मिळाले आणि त्याचा डेटाबेस झाला. आता तो 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, ऐकायला मिळतो. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत, १९९६ मध्ये मुद्रित केलेल्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाजापेक्षा त्याखालची नोंद वाचत बसलो. बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, विषय. रेगे आणि पोल्काच्या यादीत न बसणारं सगळं. ज्याने आधी बाईशी बोलून मग रकाने आखले त्याची ही यादी, एवढंच कारण.

आता आमच्या दांडीवरच्या सीडी. विंडोजची आकडा काढायची रीत सीडीडीबीपेक्षा वेगळी आहे, पण कच्चा माल तोच, अनुक्रमणिका. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सीडी टाका, अनुक्रमणिका वाचा, आकडा काढा, काकांच्या फाइलीत शोधा. फाइलीत आजीची नोंद होतीच. आर्टिस्ट: आई. टायटल: ओव्या २००२. नऊ ट्रॅक, पण नावं फक्त तिघांना, एक 'सीता', एक 'भाऊ', एक 'दळण'. बाकीचे नुसते ट्रॅक ४, ट्रॅक ५.

पहिल्या अकरा सीडी कुठल्यातरी विकत आणलेल्या सीडींच्या कॉप्या निघाल्या. सहा सीडी संगणकाला दिसल्याच नाहीत, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला. गंमत म्हणजे एक सीडी आजीची असावी असं वाटत होतं, नऊ ट्रॅक, पण आकडा जुळेना. मग लक्षात आलं. सीडी एकेक ट्रॅक करून बर्न केली की दोन ट्रॅकच्या मधे दोन सेकंदांची फट पडते. फट पडली की सगळ्या वेळा सरकल्या, अंगठा बदलला. म्हणजे ही आजीच्या सीडीची कॉपी असू शकते का? नव्हती. भजनी मंडळ निघालं, तेही बाजूच्या गल्लीतलं. काका खूश, मी हिरमुसलो.

सव्विसावी सीडी. आकडा जुळला. स्क्रीनवर काकांनी तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं 'आई' आलं.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. अनुक्रमणिका सगळ्यात आत, आणि खराब व्हायला सुरुवात बहुतेकदा बाहेरच्या कडेने. म्हणजे सीडी मरताना आपलं नाव सगळ्यात शेवटी विसरते. पहिले पाच ट्रॅक स्वच्छ आले. सहाव्याला खरखर. मग तोच पोस्टकार्डवाला कार्यक्रम काढला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी. तो चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून बघतो, ८२ वेळांपर्यंत, आणि उत्तरं जुळली तरच खरं मानतो. रात्रभर ड्राइव्ह घरघरत होता. आईने दोनदा विचारलं, "ते बंद पडलंय का?"

सकाळी काकांना स्पीकरवर लावून दिलं. चौथ्या ट्रॅकमध्ये आजी ओवीची पहिली ओळ म्हणते आणि दुसरी ओळ वेगळाच आवाज उचलतो. आयएनआय फाइलीत तिथं फक्त 'ट्रॅक ४'.

"ही कोण?"

काकांनी हात वर करून थांबवलं, पूर्ण ओवी ऐकली. मग नाव सांगितलं, नात्याने आजीची कोण लागायची ते सांगितलं, लग्नाआधीचं गाव सांगितलं, मानवत तालुक्यातलं. मी देवनागरीत टाइप केलं. ते म्हणाले, तालुका आधी लिही, त्या नावाची दोन गावं हायेत.

आठवा ट्रॅक अर्धा आला. नववा अजून वाचतोय.